दप्तर, दोरी आणि रयत

रिठद हे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं गाव. या गावातल्या एखाद्या शेताचा सातबारा वर्गात मुलांसमोर ठेवा आणि त्यातले नेहमीचे शब्द मोठ्यानं वाचायला सांगा. मौजे, तालुका, जिल्हा, जमीन, महसूल, खरीप, रब्बी. यातला एकही शब्द मुळात मराठी नाही. सगळे अरबी किंवा फारसी. 'मौजे' म्हणजे ठिकाण. 'महसूल' म्हणजे हाती आलेलं. 'जिल्हा' या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू. त्रिकोणाच्या बाजूलाही अरबी गणितात हाच शब्द आहे. 'रब्बी' म्हणजे चक्क वसंत ऋतू आणि 'खरीप' म्हणजे शरद. थंडीत पेरायच्या पिकाला वसंताचं नाव का, असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारेलच. उत्तर सोपं आहे: नाव ठेवणाऱ्याला पेरणीत रस नव्हता, कापणीत होता. सारा कापणीच्या वेळी गोळा व्हायचा.

आता नजर जरा स्वतःच्या शाळेकडे वळवू. हजेरी, तारीख, अर्ज, रजा, मंजूर, सही, शिक्का. वर्गातल्या मुलांची आडनावं पाहा: चिटणीस, पोतनीस, फडणीस, मुजुमदार, इनामदार. (पगार मात्र या यादीत घालू नका. तो पोर्तुगिजांकडून आला.) आणि मुलांच्या पाठीवरचं दप्तर? हा शब्द तर फार लांबून आलाय. ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. लिहिण्यासाठी ते वापरत, म्हणून इराणात गेल्यावर त्याचं 'दफ्तर' झालं, म्हणजे हिशेबाची वही. तुर्कांनी 'देफ्तेर' केलं. आपल्याकडे सरकारी कागदांच्या रुमालांना दप्तर म्हणू लागले, आणि अखेर ते पोरांच्या खांद्यावर आलं.

एवढे शब्द एका गावाच्या कागदात आले कसे? नुसती फौज आली असती तर तोफ, बंदूक, शिपाई असे शब्द ठेवून गेली असती. महसूल आणि मौजे हे शब्द ठेवून जातो तो कारकून. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना पानं मिळतात आणि या कारकुनाला ओळही मिळत नाही. म्हणून इथे त्याच्याबद्दल बोलू.

तीन साम्राज्यं, एक वही

सोळाव्या-सतराव्या शतकात भूमध्य समुद्रापासून बंगालपर्यंत तीन मोठी मुसलमानी साम्राज्यं शेजारीशेजारी उभी होती. इस्तंबूलची उस्मानी, इराणची सफवी (स्थापना १५०१) आणि हिंदुस्थानची मोगल (१५२६). त्यांचं आपसात फारसं पटत नव्हतं. उस्मानी सुन्नी, सफवी शिया, आणि कंदाहारसाठी सफवी-मोगलांची कायमची ओढाताण. पण हिशेबाच्या खोलीत गेलं की हे भांडण विसरायला होतं. तिन्हीकडे जमाखर्च 'सियाक' नावाच्या एका चमत्कारिक लिपीत लिहीत. तिच्यात आकडे नसतात. अरबी संख्यांची नावंच आखडून-मुरडून इतकी लहान केलेली असतात की ती चिन्हंच होऊन जातात. शिकलेल्यालाच वाचता यावीत आणि कुणाला खाडाखोड करता येऊ नये, अशी.

तिन्ही साम्राज्यांपुढे प्रश्नही एकच होता. फौजेला रोख पैसे द्यायला खजिना पुरत नाही, आणि संपत्ती तर शेतात विखुरलेली. मग सरदारालाच एखाद्या मुलखाचा सारा वसूल करायचा हक्क द्यायचा, आणि बदल्यात त्यानं इतके घोडेस्वार ठेवायचे. उस्मानी याला 'तिमार' म्हणत, मोगल 'जहागीर'. मात्र कुठला मुलूख किती पिकतो हे सरकारला ठाऊक नसेल तर ही व्यवस्था चालत नाही. म्हणून मोजणी आणि म्हणूनच दप्तर. उस्मानी कारकून गावोगाव फिरून घरटी नावं टिपत. त्यांचं कर आकारण्याचं माप 'चिफ्त' होतं, म्हणजे बैलांची जोडी. एका जोडीनं जेवढी जमीन नांगरून होते तेवढी एका कुटुंबाची. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. औत हे माप त्याच्याही ओळखीचं आहे.

वऱ्हाड मोगलांकडे यायच्या आधी इथे इमादशाही होती. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुलमुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला. लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, बहमनी दरबारात चढत गेला आणि १४९० मध्ये एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, स्वतंत्र झाला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहानं हे राज्य गिळलं, आणि १५९६ मध्ये चांदबिबीनं नगरचा किल्ला वाचवताना वऱ्हाड अकबराला दिलं. रिठदच्या माणसाला यातलं काय जाणवलं असेल? वसुलीला येणारा माणूस बदलला, बहुधा एवढंच.

अकबराचा मंत्री अबुल फजल याच्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. त्यात १६ सरकारं आणि १४२ परगणे सांगितलेत. 'सरकार' म्हणजे इथे जिल्ह्यासारखा विभाग. त्यात वाशिम हे एक सरकार, मेहकर दुसरं. रिठदचं नाव शोधायला जाऊ नका. परगण्याच्या खाली हे पुस्तक उतरत नाही. पण आपल्या भागाबद्दल त्यात तीन मजेशीर गोष्टी आहेत. एक, वाशिमच्या आसपास हटकर नावाचे लोक राहतात, ते मानी आणि बंडखोर आहेत, त्यांच्याकडे एक हजार स्वार आणि पाच हजार पायदळ आहे. दुसरी, लोणारबद्दल. हे तीर्थाचं ठिकाण आहे, आणि तिथल्या डोंगरात काच व साबण करायला लागणारा माल मिळतो, त्यावरच्या जकातीचं उत्पन्न सरकारला येतं. लोणारचं विवर उल्केच्या आघातानं झालंय हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं, पण त्या पाण्यातल्या क्षारांचा उपयोग मोगल कारकुनानं टिपून ठेवला होता.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला इथे देशमुख म्हणतात, कानुनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी. शब्दांची ही जुळवाजुळव अबुल फजलनं का केली असेल? कारण बादशाही या चौघांच्या डोक्यावर येऊन थांबत होती. त्यांना काढून टाकणं तिला परवडणारं नव्हतं. गावात कोणाचा कोणता तुकडा, कोण मेलं, कोण पळालं, कुठली विहीर आटली हे कुलकर्ण्यालाच माहीत. दिल्लीच्या वहीत फक्त बेरीज पोचायची.

मापाची दोरी

उत्तरेत अकबराच्या कारभाऱ्यांनी, त्यात राजा तोडरमल प्रमुख, १५८० च्या सुमाराला एक मोठं काम पुरं केलं. प्रत्येक भागात दहा वर्षांचं पीक आणि दहा वर्षांचे भाव बघून सरासरी काढली आणि त्यावरून दर बिघ्याला रोख सारा ठरवला. यासाठी जमीन मोजणं आलं. मोजायला होती अंबाडी-तागासारख्या वाखाची पिळाची दोरी.

दोरीची अडचण 'ऐन-इ-अकबरी'त स्वच्छ सांगितली आहे. ओली झाली की ती आखडते, वाळली की लांबते. कधी मुद्दाम दवात ठेवून देत. सकाळी आखडलेल्या दोरीनं मोजलं तर रयतेचं नुकसान, दुपारी वाळलेल्या दोरीनं मोजलं तर सरकारचं. म्हणून अकबराच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात, म्हणजे १५७४ च्या सुमाराला, दोरी जाऊन बांबूच्या कांड्या लोखंडी कड्यांनी जोडलेली जरीब आली.

हा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. पिळाच्या सुतळीचा पाचेक मीटरचा तुकडा घ्या, ताणून मोजा, पाण्यात भिजवून पुन्हा मोजा. तंतू पाणी पिऊन फुगतात, जाड होतात. जाड तंतूंभोवती पिळाला जास्त लांबी लागते, ती तो दोरीच्या लांबीतून वसूल करतो. (वसूल हा शब्द इथेही आलाच!) आता हिशेब करू. अकबरी बिघा ६० गज लांब आणि ६० गज रुंद, म्हणजे ३,६०० चौरस गज. इलाही गज सुमारे ८३ सेंटिमीटरचा धरला तर बिघा साधारण २५ गुंठ्यांचा होतो. समजा ६० गजांची दोरी दोन टक्क्यांनी आखडून ५८.८ गजांची झाली. मोजणारा तिला ६० च समजतो. तिनं मोजलेला 'बिघा' प्रत्यक्षात ५८.८ × ५८.८, म्हणजे सुमारे ३,४५७ चौरस गजांचा. खऱ्या १०० बिघ्यांच्या शिवाराची नोंद होईल १०४ बिघे. जमिनीची लांबी दोन टक्के चुकली तर क्षेत्रफळ चार टक्के चुकतं. सातवी-आठवीच्या मुलाला हे कळतं. नसलेल्या चार बिघ्यांचा सारा मात्र कोणीतरी दरवर्षी भरायचा असतो.

गंमत म्हणजे अबुल फजलच्या तक्त्यांत वऱ्हाडच्या मोजलेल्या जमिनीचे आकडेच नाहीत, नुसते वसुलीचे आहेत. वऱ्हाड नुकतंच ताब्यात आलं होतं आणि दोरी अजून इथे पोचली नव्हती.

दोन घड्याळं

दोरीसारखाच काळाचाही घोळ होता, आणि तो तिन्ही साम्राज्यांत होता. हिजरी वर्ष चंद्राचं: सुमारे ३५४ दिवसांचं. पीक सूर्यावर चालतं. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक, म्हणजे सौर ३२ वर्षांत चांद्र ३३ वर्षं होतात. सारा जर हिजरी वर्षागणिक मागितला, तर शेतकऱ्यानं ३२ पिकांतून ३३ वर्षांचा सारा भरायचा! हा अन्याय अबुल फजलनं स्पष्ट मांडला आहे. उस्मानी राज्यात उलटी पंचाईत: सारा सौर वर्षानं गोळा व्हायचा आणि सैनिकांचा पगार चांद्र महिन्यांनी द्यावा लागायचा. तेहेतिसाव्या वर्षी एक अख्खं वर्ष असं यायचं की पगार द्यायचाय पण त्याच्या नावाचं उत्पन्नच नाही.

यावर उपाय म्हणजे फसली सन. फसल म्हणजे पीक. दक्षिणेत शहाजहानच्या काळात, १६३६ च्या सुमाराला, तो सुरू झाला. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. पण दक्खनेनं हा प्रश्न त्याआधीच तीनशे वर्षं सोडवून टाकला होता. १३४४ पासून इथे शुहूर सन चालू होता. त्याला अरबी सन म्हणत, मृगसाल असंही म्हणत. सूर्य मृगात शिरला की, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, नवं वर्ष. नाव आणि आकडे अरबी, चाल मात्र मृग नक्षत्राची. मोडी कागदांत कुलकर्णी बिनदिक्कत लिहून जातो: 'सलास खमसैन अलफ'. सलास तीन, खमसैन पन्नास, अलफ हजार: १०५३. यात ५९९ मिळवा: १६५२ च्या मृगापासून १६५३ च्या मृगापर्यंतचं वर्ष. सुरुवातीला शुहूर आणि हिजरी दोन्हींचा आकडा ७४५ होता. १६५२ मध्ये हिजरी १०६२ आणि शुहूर १०५३. दोन घड्याळं एकाच क्षणी लावली आणि तीनशे वर्षांत त्यांच्यात नऊ वर्षांचं अंतर पडलं. मुलांकडून हा फरक गणितानं काढून घ्या, बरोबर येतो.

अरबी आकडे लिहिणारा हा कुलकर्णी फारसी शिकलेला असायचाच असं नाही. उत्तरेत तोडरमलनं सगळे हिशेब फारसीत करायला लावले. दक्षिणेतल्या सुलतानांच्या राज्यांत मात्र खालचा कारभार मराठीतच राहिला. एकाच कागदावर वर फारसी आणि खाली किंवा पाठीमागे मोडी, असे दुभाषी हुकूम कितीतरी सापडतात. मराठीत फारसी शब्द शिरले ते या कागदांतून. पुढे शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला तो या शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. त्यातले अनेक पर्याय दरबारापुरतेच राहिले. गावानं 'जमीन' सोडली नाही.

कागदावरचं आणि शेतातलं

आता १६५२ मध्येच थांबू, कारण त्या साली औरंगजेबाची दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा नेमणूक झाली. मधल्या काळात वऱ्हाडनं बरंच सोसलं होतं. मलिक अंबर हा हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंजत राहिला. जमिनीचा कस बघून सारा ठरवण्याबद्दल त्याचं नाव दक्खनेत टिकून आहे. त्यानंतर १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ. गावं ओस पडली, माणसं परागंदा झाली.

जदुनाथ सरकारांनी जुन्या कागदांवरून दिलेले आकडे बोलके आहेत. दक्षिणेतल्या चार मोगल सुभ्यांचा, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, तेलंगण आणि दौलताबाद यांचा, ठरलेला सारा ३ कोटी ६२ लाख रुपये होता. १६५२ मध्ये प्रत्यक्ष हाती आला सुमारे १ कोटी. 'जमा' एक आणि 'हासिल' दुसरं. वर्षाच्या बारा महिन्यांशी प्रमाण मांडलं तर जेमतेम साडेतीन महिन्यांचं उत्पन्न. मोगल कारकून खरंच असाच हिशेब करत. दक्षिणेतली जहागीर कागदावर बारा महिन्यांच्या पगाराची असली तरी ती 'चार महिन्यांची' आहे असं लिहून ठेवत आणि सरदाराच्या स्वारांची संख्या त्या बेतानं कमी करत. म्हणजे आकडा खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो बदलला तर मान, मनसब, सगळंच खाली येणार, म्हणून वहीत तो तसाच. सरदाराची अडचण याहून मोठी. जहागीर तीनचार वर्षांत बदलून जायची. विहीर खणून फळ पुढच्याला मिळणार असेल तर कोण खणील? त्यापेक्षा आहे तोवर पिळून घ्या.

या गोंधळात मुर्शिद कुली खान हा माणूस आला. तो खुरासानचा, इराणी. कंदाहारचा सफवी सुभेदार अली मर्दान खान १६३८ मध्ये किल्ल्यासकट मोगलांना मिळाला, त्याच्याबरोबर हा हिंदुस्थानात आला. औरंगजेबानं त्याला बालाघाटाचा दिवाण केलं आणि १६५६ मध्ये साऱ्या मोगली दक्खनेचा. वऱ्हाडात पयनघाट म्हणजे पूर्णेचं खोरं आणि बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या रांगेवरचा पठारी भाग. वाशिम-रिसोड हे घाटावरचे.

मुर्शिद कुलीनं तोडरमलची पद्धत आणली असं पुस्तकांत एका ओळीत लिहितात. ते अर्धंच खरं आहे. त्यानं एकाच वेळी तीन पद्धती चालू ठेवल्या. मागासलेल्या भागात औतामागे ठोक रक्कम, म्हणजे तिकडच्या चिफ्तची चुलत बहीण. दुसरीकडे पिकाची वाटणी: पावसावरच्या धान्यात निम्मं सरकारचं, विहिरीवरच्या धान्यात तिसरा हिस्सा, आणि ऊस, द्राक्षं, केळी अशा पिकांत नववा ते चौथा हिस्सा. जिथे शेतकऱ्यानं विहिरीला पैसा आणि घाम ओतलाय तिथे सरकारचा वाटा कमी, हे त्यातलं मर्म. तिसरी पद्धत मोजणीची, चौथाईच्या हिशेबानं बिघ्यामागे रोख. कुठल्या गावाला कुठली पद्धत हे जागेवर जाऊन ठरवायचं. मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून हा दिवाण स्वतः जरिबेचं एक टोक धरून उभा राहायचा, अशी आठवण इतिहासकारांनी सांगितली आहे.

ओस गावं वसवायला त्यानं नवे पाटील नेमले, बैल आणि बियाण्यासाठी कर्ज दिलं, हंगामावर हप्त्यांनी फेडायचं. त्या कर्जाचं नाव 'तकावी'. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारा, 'तगाई' त्यांना आठवत असेल.

पण निम्मं पीक हा हलका सारा नव्हे. जिथून तो झेपेना तिथून माणसं उठून जात, आणि जमीन मुबलक असल्यामुळे जाऊ शकत. उस्मानी कायद्यात शेत टाकून जाणाऱ्याला दंड होता. दक्खनेत त्याला परत बोलवायला 'कौल' देत, म्हणजे शब्द: पहिल्या वर्षी इतकंच, मग चढत्या दरानं. फौजा आणि वहीचे आकडे सरकारकडे असले, तरी हे एक हत्यार रयतेच्या हाती होतं.

मुर्शिद कुली एप्रिल १६५८ मध्ये धर्मतच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूनं लढताना पडला. ठरवलेल्या साऱ्याची चालरीत 'धारा' म्हणून मागे राहिली. बंगालचा मुर्शिद कुली खान तो हा नव्हे. तो निराळा, पण त्याचाही वऱ्हाडशी संबंध आहे. हिंदू घरात जन्मलेला, इराण्यानं विकत घेऊन वाढवलेला तो मुलगा हिशेबाचं काम करू लागला वऱ्हाडच्या दिवाणाच्या हाताखाली. मग औरंगजेबानं त्याला बंगालचा दिवाण केलं, आणि मुर्शिदाबाद शहर त्याच्या नावाचं आहे.

१७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाकडे गेलं. पुढे नागपूरकर भोसल्यांचाही वाटा पडला, आणि एकाच गावातून दोघांचे अंमलदार वसुली करू लागले. त्याला 'दोअमली' म्हणत. हाही शब्द फारसीच. १८५३ मध्ये इंग्रज आले, आणि काही वर्षांनी त्यांनी वऱ्हाडची पुन्हा मोजणी केली. या वेळी साखळी लोखंडी होती, ३३ फुटांची. तिच्या चौरसाचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. लोखंडाला दवाची भीती नाही, पण ऊन त्यालाही लागतं. दहा मीटरची साखळी पहाटेच्या १५ अंशांवरून दुपारच्या ४५ अंशांवर गेली तर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते. लांबलेल्या साखळीनं जमीन कमी भरते, म्हणजे या वेळी फायदा रयतेचा: शंभर एकरांत जेमतेम तीन गुंठे.